साळूचे काटे आणि पंचेचाळीस एमबीचं स्थळ

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ होता. तो आपल्या गोष्टीत नाही. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी तीन ते सहा तो जीपमधल्या पाहुण्यांसमोर चालून दाखवत असतो. त्याला गोष्टीत यायला सवड नाही.

आपली गोष्ट साळिंदरांची आहे. साळिंदर माहीत आहे ना? त्याच्या पाठीवर काळे-पांढरे पट्टे असलेले लांब लांब काटे असतात. माहीत नसेल तर आईला विचारा. मोबाइलवर फोटो बघू नका. का बघू नका, ते गोष्टीतच कळेल.

त्या जंगलात मोबाइल पोचला होता. उन्हाळ्यात पाणी पोचत नसे, पण मोबाइल पोचला होता. त्यामुळे कोणी कोणाकडे बघत नसे. सगळे एकमेकांचे फोटो बघत.

तिथे साळू नावाची एक साळिंदर राहायची. तिचे काटे पंचक्रोशीत एक नंबर होते. दीड दीड वीत लांब. ती चालली की खुळखुळ वाजायचे. लहानपणी एकदा बिबट्याने तिच्यावर पंजा टाकला होता. त्यानंतर आठ दिवस तो लंगडत होता, आणि कोणी विचारलं तर पाय मुरगळलाय म्हणून सांगत होता. साळूला आपले काटे फार आवडत. का आवडू नयेत? त्यांच्यामुळेच ती जिवंत होती.

साळूच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा फार सज्जन होते, म्हणजे घरात त्यांचं कोणी ऐकत नसे. घर चालवायची त्यांची बहीण, साळूची आत्या. साळू लग्नाची झाली तशी आत्या म्हणाली, "पोरीचा फोटो काढा." तिकडची रीतच तशी होती. आधी पत्रिका जायची, मग फोटो जायचा, मुलगी सगळ्यात शेवटी.

वडाच्या ढोलीत सरड्याचा स्टुडिओ होता. त्याचा कॅमेरा जेपेग काढायचा. जेपेग म्हणजे काय? कॅमेरा तुमच्याकडे बघतो. त्याला जे बरं वाटतं ते ठेवतो, नको वाटतं ते टाकून देतो, वरून थोडा रंग चढवतो आणि तयार ताट तुमच्यापुढे ठेवतो. भाजीत मीठ किती, हे तुम्हाला विचारत नाही. तुम्ही मुकाट्याने जेवायचं. बहुतेकांना हे फार आवडतं.

सरड्याने साळूला उभं केलं आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याला साळूच्या पाठीवर हजारभर बारीक रेघा दिसल्या. त्याला वाटलं, ही फोटोतली कचकच आहे. त्याने ती एका क्षणात पुसून टाकली.

फोटो आला. आत्या हरखली.

"काय गं बाई, कशी लोण्यावाणी आली पोर!"

साळू म्हणाली, "आत्या, माझे काटे कुठंयत?"

"असतील की मागंबिगं."

"ही मी नाही. ही घूस आहे."

"घूस तर घूस. उजळ आलीय ना?"

तो फोटो चौदा बिळांत गेला. अकरा बिळांतून निरोप आला, मुलगी पसंत आहे, बघायला येतो. आत्याने जंगलभर पेढे वाटले. आप्पांना एकही मिळाला नाही.

पहिले आले ते नदीकाठचे. आता नदीकाठचे म्हणजेसुद्धा साळिंदरच. मुलाच्या आईला असे काटे होते की मुलाचे वडील हातभर अंतर सोडून बसले होते. पोहे झाले. मग साळू बाहेर आली, खुळखुळ खुळखुळ करत.

मुलाच्या आईच्या हातातली बशी खाली पडली. "अगं बाई! हिला काटे?"

"आहेत ना," आप्पा म्हणाले. "तुम्हालाही आहेत."

"आमचं सोडा. फोटोत कुठं होते? ही सरळ सरळ फसवणूक झाली!"

मंडळी तणतणत उठली. जाता जाता त्यांनी पोह्यांची आणखी एक एक बशी खाल्ली, कारण अन्नाचा अपमान करू नये.

त्या दिवशी घरात बैठक बसली. बैठकीत आत्याच बोलत होती. तिच्या म्हणण्यातला मुद्दा बिनतोड होता. फोटो चौदा घरी जाऊन बसला आहे. तो काही परत बोलावता येत नाही. मुलगी मात्र घरातच आहे. तेव्हा फोटोला धक्का न लावता मुलगी दुरुस्त करायची. नदीवरचा खेकडा नांग्यांनी काटे उपटून देतो. गुरुवारी सकाळी त्याला बोलवायचं.

साळूच्या अंगावर काटा आला. म्हणजे होते तेच उभे राहिले.

"आत्या, उद्या बिबट्या आला तर?"

"त्याला फोटो दाव."

"आप्पा, तुम्ही तरी बोला!"

आप्पा खाली बघत म्हणाले, "खेकडा हळू उपटतो म्हणतात."

मुलांनो, मी खूप गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत राक्षस आले, चेटकिणी आल्या. पण पोरीचे काटे हळू उपटले जातील एवढ्यावर समाधान मानणाऱ्या बापाचा जेवढा राग मला येतो, तेवढा कुठल्याच राक्षसाचा येत नाही. असो. पुढे ऐका.

साळू धावत सरड्याकडे गेली. "माझे काटे परत घालून दे. फोटोत."

सरडा म्हणाला, "ते आता कुठून आणू? जेपेगमध्ये कॅमेऱ्याने टाकलं ते टाकलं. ते कुठे साठवून ठेवलेलं नसतं." मग त्याने आवाज खाली आणला. "पण तू माझं नाव सांगू नकोस. तळ्यावर बगळेसर आहेत, त्यांना विचार. ते रॉमध्ये काढतात."

बगळेसर तळ्यात एका पायावर उभे होते. शेजारी तीन पायांवर त्यांचा कॅमेरा उभा होता. सर दर रविवारी कॅमेऱ्याचं शिबिर घेत. शिबिरात फोटो काढत नसत. फोटो कसा काढू नये, हे सांगत.

"जेपेग हे पाप आहे," सर डोळे मिटूनच म्हणाले. "जेपेग म्हणजे दुसऱ्याने शिजवलेलं. रॉ म्हणजे कोरडा शिधा. तांदूळ, डाळ, मीठ, तिखट, सगळं वेगवेगळं. काही गाळलेलं नाही, काही घातलेलं नाही. कॅमेऱ्यात जेवढा उजेड शिरला तेवढा सगळा त्यात असतो."

"सर, मला तसाच एक फोटो हवाय. माझे सगळे काटे दिसतील असा. गुरुवारच्या आत."

सरांनी एक डोळा उघडला. "दिसतील? दिसण्याचं मी काही म्हटलं नाही. असतील, एवढंच."

साळूला हे नीट कळलं नाही. ती म्हणाली, "सर, तुमचा एखादा फोटो बघू?"

"अजून शिजायचे आहेत."

"किती आहेत?"

"चार लाख."

"कधीपासून शिजायचे आहेत?"

"अकरा वर्षं झाली. घाई करणारे वेगळे." सरांनी सरड्याच्या ढोलीच्या दिशेने चोच केली आणि पुन्हा डोळा मिटला.

मग साळू उन्हात उभी राहिली आणि तिने सगळे काटे फुलवले. सरांनी फोटो काढला, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं.

"यात सगळे आहेत?"

"एकूण एक. टोकासकट."

साळूचा जीव भांड्यात पडला. तिला रडूच आलं. आज पहिल्यांदाच तिला कोणीतरी पूर्ण मोजून घेतलं होतं, आणि त्यातला एकही काटा जास्तीचा ठरवला नव्हता. एवढ्यासाठी रडू यावं, अशी वेळ कोणावर येऊ नये.

घरी आत्याने कार्ड फोनमध्ये घातलं. फोनवर नुसतं एक चाक गरगरत राहिलं.

"ह्यात कायबी दिसत न्हाई."

"दिसत नाही, आत्या. असतं."

आत्या कार्ड फेकणार होती. तेवढ्यात तिने फाइलचं वजन वाचलं. पंचेचाळीस एमबी! सरड्याचा फोटो दीड एमबीचा होता. आत्याने साळूकडे नव्या नजरेने पाहिलं. म्हणजे साळूकडे नाही, फोनकडेच.

"एवढं वजनदार काय आपल्या भावकीत न्हाई झालं," ती म्हणाली. "हे असं तसं द्यायचं न्हाई. टेकडीपलीकडं तानूबाईकडं धाडू. पण बुधवारपर्यंत होकार आला तर आला, न्हाईतर खेकडा ठरलाय."

कार्ड पाकिटात घातलं, पाकिटाला हळदकुंकू लावलं आणि टेकडीपलीकडे पाठवलं.

तानूबाईचं बीळ मोठं होतं. आत सात दालनं. मुलगा एकच, शिरपत. तानूबाईने आजवर सत्तावीस मुलींचे फोटो पाहिले होते आणि सत्तावीस मुली नाकारल्या होत्या. एकीचं नाक बसकं होतं, एकीची मान आखूड होती, एक बरी होती पण तिच्या मागचा दगड तानूबाईला आवडला नव्हता.

तिने साळूचं कार्ड फोनमध्ये घातलं. चाक गरगरलं. पुन्हा गरगरलं. फोन तापला, इतका तापला की तानूबाईला तो खाली ठेवावा लागला. मग तो बंद पडला.



"बघितलंस?" तानूबाई म्हणाली. "फोनला पेलली नाही."

"आई, उघडलाच नाही ना फोटो?" शिरपतने विचारलं.

"सत्तावीस उघडले, सत्तावीसांत खोट निघाली. हिच्यात निघाली का एक तरी?"

"पण दिसलीच नाही तर..."

"तेच म्हणते मी. ज्यांची पोर साधी, ते उघडा फोटो धाडतात. ही मोठ्या घरची दिसते."

शिरपत बिचारा सरळ होता. तो म्हणाला, "मग एकदा प्रत्यक्षच बघून येऊ या का मुलगी?"

तानूबाईने कपाळाला हात लावला. "फोटो असताना मुलगी कशाला बघायची? लोक काय म्हणतील!"

बुधवारी संध्याकाळी होकार आला. गुरुवारी सकाळी खेकडा नांग्यांना धार लावून आला, त्याला दारातूनच नारळ दिला. आप्पा म्हणाले, "मला ठाऊकच होतं." त्यांचं कोणी ऐकलं नाही.

लग्न थाटात झालं. मांडवात सरडाही आला होता आणि बगळेसरही. मग काय, पाहुण्यांत दोन तट पडले. जेपेगवाले म्हणाले, फोटो म्हणजे लगेच हातात पडला पाहिजे. रॉवाले म्हणाले, हातात पडतो त्याला फोटो म्हणत नाहीत. पंगतीसुद्धा वेगळ्या बसल्या. मुंगूस आणि त्याचा सख्खा साडू त्या दिवसापासून बोलत नाहीत. एवढ्या भांडणात लग्नाचा फोटो काढायचा मात्र राहून गेला.

अंतरपाट खाली आला तेव्हा शिरपतने साळूला पहिल्यांदा पाहिलं. मुंडावळ्या काट्यांत अडकल्या होत्या. त्या सोडवत तो हळूच म्हणाला, "छान आहेत हो काटे तुमचे." साळूला तो तिथल्या तिथे आवडला.

वर्ष सुखाचं गेलं. मध्ये एकदा बिबट्या बिळाच्या तोंडाशी आला. साळूने पाठ फिरवली, काटे फुलवले, शेपटी खुळखुळवली आणि मागे मागे सरकत त्याच्या नाकात चार काटे घुसवले. बिबट्या गेला. घर वाचलं. तानूबाई तेव्हा आतल्या दालनात सुनेचा फोटो उघडायच्या खटपटीत होती. "कसला आवाज करते गं?" एवढंच ती म्हणाली.

आणि एक दिवस तानूबाईच्या भावाने शहराकडून नवा फोन आणला. त्यात कुठलीही फाइल उघडे. तानूबाईने देवापुढे दिवा लावला, घरातल्या सगळ्यांना बोलावलं आणि कार्ड घातलं.

फोटो उघडला.

मुलांनो, कोरडा शिधा तसाच तोंडात टाकला तर काय होतं? तेच झालं. फोटो फिका, राखाडी, मेलेल्या उजेडाचा. साळू त्यात होती, एकूण एक काटा होता, पण सगळं धुक्यात बुडाल्यासारखं. तो मुळात शिजवायचा फोटो होता, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

तानूबाईने गळा काढला. "फसले गं बाई! सून फिकी निघाली!"

साळू तिच्या समोरच चहा घेऊन उभी होती. वर्षभर उभी होती. ती फिकी नव्हती, धट्टीकट्टी होती, काटे लखलखत होते. तिच्याकडे एकानेही मान वर करून पाहिलं नाही. सगळे फोनमधल्या साळूकडे बघून हळहळत होते.

तानूबाई कार्ड घेऊन तडक सरड्याच्या ढोलीत गेली. "हिला माणसात आणून द्या," ती म्हणाली. सरड्याने ऊन वाढवलं, रंग चढवला, आणि शेवटी सवयीने ती बारीक रेघांची कचकच पुसून टाकली. दीड एमबीची एक गुबगुबीत, उजळ, लोण्यासारखी घूस तयार झाली.

"ही! ही आमची सून!" तानूबाईला भरून आलं. "आणि ते जड होतं ते काढून टाका. फोन तापतो."

सरड्याने रॉ पुसून टाकला. फोटोची मोठी तसबीर करून ती मधल्या दालनात लावली.

आता पाहुणे येत, तसबीर बघत, वाहवा करत. मग साळू पाणी घेऊन येई, आणि पाहुणे विचारत, "ही कोण?"

तानूबाईला उत्तर देता देता घाम फुटे. "तीच ती. सासरी आल्यावर जरा काटे आले." पुढे पुढे तिला स्वतःलाच तसं वाटू लागलं. पोर इथे आली तेव्हा गुळगुळीत होती, आपल्याच घरात बिघडली. मग लोकांत नाचक्की होण्यापेक्षा इलाज केलेला बरा. तिने आत्याला निरोप धाडला. आत्याने खेकड्याला धाडलं.

खेकडा आला, आत्या आली, आप्पा आले. तानूबाईने तसबिरीसमोर पाट मांडला, म्हणजे खेकड्याला वर बघून बघून काम करता येईल.

"बस गं," आत्या म्हणाली. "घरच्यांच्या सुखासाठी एवढं सोसावं लागतं बाईमाणसाला."

साळूने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी खेकड्याकडे पाहिलं. "हळू हं," ते म्हणाले.

शिरपत मध्ये येऊन उभा राहिला. "आई, हे चालायचं नाही."

"तू बाजूला हो. तुला फोटोतलं काय कळतं?"

खेकड्याने नांगी पुढे केली. आणि साळूने काटे फुलवले. एकूण एक, टोकासकट. शेपटी अशी खुळखुळली की छतावरची माती पडली. खेकडा उलट्या पावली पार नदीपर्यंत गेला.

साळिंदर दचकलं की काय होतं, ठाऊक आहे ना? त्याचे काटे आपोआप उभे राहतात. तानूबाई दचकली. आत्या दचकली. आप्पाही दचकले. सगळं दालन काट्यांनी भरून गेलं. कोणाला हलता येईना. आत्याचे तानूबाईला टोचत होते, तानूबाईचे आप्पांना. क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी यांना काही सुचेल.

तेवढ्यात तानूबाईच्या पाठीचा एक काटा भिंतीला लागला आणि तसबीर खळ्ळकन खाली आली.

"अगं आई गं!" तानूबाई धावली. तिने तसबीर उचलली, पदराने काचा झटकल्या, आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "सूनबाई, लागलं का गं तुला?"

आत्याही पुढे झाली. दोघी मिळून फोटोला कुरवाळू लागल्या. आप्पा म्हणाले, "हळू हं." या वेळी मात्र त्यांचं सगळ्यांनी ऐकलं.

साळू बघत राहिली. मग तिने हळूहळू काटे मिटले. तिला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. ती शिरपतला म्हणाली, "सासूबाईंची सून त्यांच्यापाशी सुखात आहे. तुमची बायको इथं उभी आहे. चला, कंद खणायचेत."

दोघं बाहेर पडली. साळूच्या काट्यांना त्यानंतर कोणी हात लावला नाही. तानूबाईची आणि सुनेची एवढी माया जंगलात दुसरीकडे नाही, असं सगळे सांगतात. तसबिरीला रोज फुलं वाहिली जातात, सणाला नवी साडी दाखवली जाते, आणि सून उलटून एक शब्द बोलत नाही.

तात्पर्य: खरं रूप लपवू नये. ते बिनधास्त घेऊन हिंडावं, तिकडे कोणी बघत नसतं. फक्त घरच्यांना माया करायला भिंतीवर एक गुळगुळीत फोटो लावून द्यावा, म्हणजे ते आपल्याला सोडतात.